मोठ्या अपघातानंतर पुन्हा उभं राहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा-सांगली पट्ट्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पुणे-बेंगळुरू महामार्ग आमच्या दारावरून जातो, त्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट दुचाकीवरचे असतात. गळीत हंगामात अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली न दिसल्यामुळे मागून धडकलेले तर दर वर्षी असतात. मांडीचं हाड, नडगी, मनगट, बरगड्या, जबडा, शिवाय डोक्याला मार, आणि हे सगळं एकाच वेळी. डिस्चार्ज मिळतो तेव्हा कार्डावर शेवटी दोन ओळी असतात : 'फिजिओथेरपी चालू ठेवा. १५ दिवसांनी दाखवा.' त्या १५ दिवसांत घरी काय करायचं, हे लोक मला विचारतात. तेच प्रश्न, बहुतेक त्यांच्याच शब्दांत, इथे घेतले आहेत. तुमच्या पेशंटबाबत शेवटचा शब्द त्याच्या सर्जनचा. इथलं वाचून पट्टा, औषध किंवा व्यायाम मनाने बदलू नका.

रिपोर्टवर 'पॉलीट्रॉमा' लिहिलंय. म्हणजे नक्की काय?

शरीराच्या दोन किंवा अधिक भागांना एकाच वेळी जबर मार बसलाय आणि तो मार जिवावर बेतणारा आहे, असा त्याचा अर्थ. घरच्यांनी यातली एकच गोष्ट नीट समजून घ्यावी : इथे एक दुखापत दुसरीची वाट अडवते. उजवा पाय मोडलाय म्हणून वॉकर हवा, पण डावं मनगटही मोडलंय म्हणून वॉकर धरता येत नाही. बरगड्या दुखतात म्हणून खोकता येत नाही, आणि खोकता येत नाही म्हणून छातीत कफ साठतो. त्यामुळे 'शेजारच्या काकांचा पायही असाच मोडला होता, ते तीन महिन्यांत चालायला लागले' ही तुलना करू नका. काकांचा फक्त पाय मोडला होता. मनगट मोडलेल्यांसाठी कोपर टेकवायचा वॉकर मिळतो. त्याबद्दल जरूर विचारा, पुष्कळांना तो माहीतच नसतो.

सगळी ऑपरेशनं एकदमच का नाही केली? आधी बाहेरून सळ्या लावल्या, मग आठवड्याने रॉड टाकला. डॉक्टरांचं काही चुकलं का?

नाही. रक्त खूप गेलेलं, फुप्फुसाला मार लागलेला, अंग गार पडलेलं, अशा माणसाला सहा तास भूल देऊन सगळी हाडं जोडली तर त्या ऑपरेशननेच तो दगावू शकतो. म्हणून आधी रक्तस्राव थांबवतात, हाडं बाहेरून सळ्या लावून तात्पुरती स्थिर करतात, माणूस सावरला की मग कायमचं काम करतात. दोनदा भूल, दोनदा खर्च म्हणून नातेवाईक चिडतात. त्यांची तगमग कळते, पण हा क्रम पेशंटच्या भल्याचाच असतो.

पेशंट अजून आयसीयूत आहे. शुद्धही पुरती नाही. आत्ताच व्यायाम कशाला?

पडून राहिल्याने स्नायू किती झपाट्याने झिजतात याची कल्पना नसते म्हणून हा प्रश्न येतो. आयसीयूतल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजला गेला आहे. पहिल्या १० दिवसांतच तो साधारण सहाव्या भागाने कमी झालेला आढळला. हाड जुळायला महिने लागतात, पण स्नायू जायला आठवडा पुरतो. म्हणून पेशंट बेशुद्ध असला तरी त्याचे घोटे, गुडघे, खांदे, बोटं हळुवार हलवून घेतात, पाऊल खाली लोंबकळू नये म्हणून आधार देतात, दर दोन तासांनी कूस बदलतात, छातीतला कफ मोकळा करतात.

शुद्धीवर आल्यावर हातात तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात. दहातले सात जण ते फुंकतात. ते फुंकायचं नसतं. नळी ओठांत धरून श्वास आत ओढायचा, तोही सावकाश, म्हणजे पहिली गोळी वर जाऊन टिकून राहते, मग दुसरी. झटक्यात ओढून तिन्ही गोळ्या वर आपटल्या तर फुप्फुसाचा तळ उघडत नाही. बरगड्या मोडलेल्या असतील तर छोटी उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. दुखतं, पण उशीमुळे ते सोसण्याइतकं होतं. न्यूमोनिया टाळायचा तर याला पर्याय नाही.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतील?

हा प्रश्न मला रोज विचारतात आणि एका आकड्यात उत्तर देणं हे फसवणं ठरेल. तरी अंदाज देते. हाताची हाडं साधारण ६ ते ८ आठवड्यांत पकड घेतात. मांडी आणि नडगीला ३ ते ६ महिने लागतात. नडगीवर मांस कमी असतं, त्यामुळे तिथे जखम होऊन हाड बाहेर आलं असेल तर त्याहून जास्त. नस तुटून शिवली असेल तर ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. कोपराजवळ शिवलेली नस बोटांपर्यंत पोचायला १० महिने किंवा जास्त लागू शकतात, आणि तोवर बोटात काहीच कळत नाही म्हणून ऑपरेशन फसलं असं ठरवू नये. डोक्याला मार असेल तर सुधारणा दोन-दोन वर्षं होत राहते.

'एक्सरे छान आलाय' आणि 'माणूस बरा झालाय' यांत खूप अंतर असतं. एक्सरेत जोडलेलं हाड दिसतं. आखडलेला गुडघा, वाळलेली मांडी, जिन्याची बसलेली धास्ती त्यात दिसत नाही. म्हणून मी घरच्यांना सांगते की भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, तशीच तिथे रोज एक ओळ लिहा. 'आज आधाराशिवाय पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसला.' 'आज स्वतःच्या हाताने आमटी-भात खाल्ला.' कऱ्हाडजवळच्या एका घरात अशी चार महिन्यांची पानं मी पाहिली. पहिल्या महिन्यात बहुतेक चौकोनांत 'कूस बदलली' एवढंच होतं. चौथ्या महिन्यात एका चौकोनात लिहिलं होतं, 'देवळापर्यंत गेला.' रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. पानं उलटली की दिसतो.

'पायावर भार देऊ नका' म्हणजे पाय टेकवायचाच नाही का?

सर्जनने नक्की काय सांगितलंय ते विचारून घ्या, कारण यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात : पाय अधांतरी ठेवायचा, नुसती बोटं जमिनीला लावायची, थोडा भार द्यायचा, किंवा सोसेल तेवढा द्यायचा. 'थोडा भार' म्हणजे किती हे शिकायला घरातला वजनकाटा वापरा. वॉकर धरून दुखरा पाय काट्यावर ठेवा आणि सर्जनने २० किलो सांगितलं असेल तर काटा २० दाखवेपर्यंत दाबा. दहा-बारा वेळा केलं की पायाला तो अंदाज बसतो. आणि ज्यांना भार द्यायची परवानगी मिळाली आहे त्यांनी भीतीपोटी पाय उचलून धरू नये. भार मिळाला की हाड मजबूत होतं. परवानगी असताना दोन-दोन महिने पाय न टेकवलेले पेशंट माझ्याकडे येतात, तेव्हा हाडं ठिसूळ आणि पोटऱ्या काडीसारख्या झालेल्या असतात.

जिन्याचा नियम पाठ करा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि चाल आणखी वाकडी होते.

गुडघा वाकतच नाही. जमिनीवर मांडी घालून बसता येईल का?

हा आपल्याकडचा फार मोठा प्रश्न आहे, आणि पाश्चात्त्य पद्धतीने छापलेल्या व्यायामाच्या पत्रकांत त्याचं उत्तर सापडत नाही. जिना चढायला गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकला तरी भागतं. खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडा जास्त लागतो. पण पंगतीत मांडी घालायची, भारतीय संडासात उकिडवं बसायचं, शेतात खुरपायला बसायचं, तर १३० अंशांच्या घरात जावं लागतं. डॉक्टर '९० झाले, छान' म्हणतात आणि पेशंट मनात म्हणतो, पण मला खाली बसता कुठे येतंय? हे बोलून दाखवा. तुम्हाला कुठपर्यंत जायचंय हे कळलं तरच उपचार तिथपर्यंत नेता येतात.

सुरुवात साधी असते. पलंगावर पाय पसरून बसा. पायाखाली गुळगुळीत फळी ठेवून तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, टाचेखाली सुती फडकं घ्या, आणि टाच सरकवत पार्श्वभागाकडे ओढा. जिथे अडेल तिथे दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, मग सोडा. दहा वेळा, दिवसातून चार खेपा. टाच जिथवर आली तिथे फळीवर पेन्सिलीने खूण करा. सांगली जिल्ह्यातल्या एका वर्गशिक्षकांची फळी मला आठवते. खुणा जेमतेम दाण्या-दाण्याच्या अंतराने पुढे सरकत होत्या, आणि प्रत्येक खुणेशेजारी त्यांनी बारीक अक्षरात तारीख घातली होती.

दोन चुका टाळा. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. गुडघा तसाच किंचित वाकलेला धरतो, मग सरळ होत नाही, आणि सरळ न होणारा गुडघा न वाकणाऱ्या गुडघ्याइतकाच त्रास देतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या. दुसरं म्हणजे, मोठ्या भावाने किंवा मित्राने जोर लावून गुडघा मोडून वाकवायचा नाही. व्यायामानंतर तासा-दोन तासांत शमणारं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजून गरम लागत असेल तर व्यायाम जास्त झाला, थोडा कमी करा. प्रयत्न करूनही तीन महिन्यांत गाडी ९० च्या अलीकडेच अडली असेल तर सर्जनना पुन्हा दाखवा, त्यावर पुढचे उपाय आहेत.

गावात एक जाणता हाडवैद्य आहे. तेल लावून चोळून घेतलं तर सांधा मोकळा होईल ना?

या माणसांवर गावाची श्रद्धा असते, ते रात्री-अपरात्री धावून येतात आणि बऱ्याचदा पैसेही घेत नाहीत. त्यांचा अनादर करायचा नाही. पण नुकत्याच मोडलेल्या सांध्याजवळ, विशेषतः कोपराजवळ, चोळणं अतिशय घातक आहे. जखमी स्नायूत पुन्हापुन्हा रक्त साकळतं आणि तिथे चक्क हाड तयार होऊ लागतं. मग कोपर आहे तिथे कायमचा अडकतो. मोकळा करायला चोळलेला हात असा कुलूप लागल्यासारखा झाला की पुढे मोठं ऑपरेशन करूनही पूर्ववत होईलच असं नसतं.

बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेली पट्टी याहून वाईट. आतली सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत स्नायू मरतात. बोटं कायमची पंजासारखी वळलेली मुलं मी पाहिली आहेत. बोटं निळसर किंवा पांढरी, बधिर, आणि बोट हलकेच सरळ केलं तरी जीव जाईल अशी कळ, असं काही दिसलं तर पट्टी असो वा प्लास्टर, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट पाहू नका. हाड पूर्ण जुळल्यावर, सर्जनने हरकत नाही म्हटल्यावर, आखडलेल्या पाठीला किंवा पोटरीला हलक्या हाताने तेल लावायला काही अडचण नाही.

पायाला बाहेरून रिंगा आणि सळ्या आहेत. किती दिवस ठेवायच्या? काळजी कशी घ्यायची?

रिंगांची ही पद्धत सैबेरियातल्या कुर्गान शहरातल्या डॉक्टर इलिझारोव्ह यांची. कमी पडलेलं हाड त्यांनी रोज १ मिलिमीटर या वेगाने वाढवून दाखवलं. तुम्हाला दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर नट फिरवायला सांगितलं असेल तर तेच चाललंय. वेळा चुकवू नका आणि उरकायचं म्हणून एकदम चार फेरे देऊ नका. रिंगा बहुतेकदा काही महिने राहतात. सळी कातडीत शिरते तिथे डॉक्टरांनी सांगितलेल्या सलाईनने, प्रत्येक सळीला वेगळा स्वच्छ गॉझ घेऊन पुसा. हळद, तूप, राख यांतलं काहीही तिथे लावायचं नाही. लाली, पू, ताप किंवा सळी हलतेय असं वाटलं तर दाखवा. पाय टेकवायला सांगितला असेल तर रिंगा असतानाच चालायचं असतं, लाजून घरात बसू नका. एका बाजूने शिवण उसवून नाडी लावलेला पायजमा कोणताही शिंपी करून देतो.

डोक्याला मार होता. आता चालतो-बोलतो, पण तो पहिल्यासारखा राहिला नाही. चिडतो, शिव्या देतो, तेच तेच विचारतो. काय करावं?

हा प्रश्न दारात, चपला घालता घालता, हळू आवाजात विचारला जातो. बहुतेक बायको विचारते, कधी आई.

डिस्चार्ज कार्डावर 'जीसीएस' पुढे एक आकडा असेल. १९७४ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी शुद्धीची ही मोजणी सुरू केली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे गुण मिळून किमान ३, कमाल १५. ८ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर. तो आकडा अपघाताच्या वेळचा आहे, आजचा नाही. पण मार किती खोल होता हे त्यावरून कळतं.

मेंदूचा पुढचा भाग रागाला आवर घालतो, बेत आखतो, चारचौघांत कसं वागायचं ते सांभाळतो. दुचाकीच्या अपघातात बहुधा त्यालाच इजा होते. त्यामुळे हा माणूस मुद्दाम वाकडा वागत नसतो. त्याचा लगाम सैल झालेला असतो, आणि अनेकदा त्याला स्वतःला ते उमगतही नाही. 'किती वेळा सांगू?' असं म्हणून उपयोग होत नाही. त्याला दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक द्या, एका वेळी एकच काम सांगा, टीव्ही आणि पाहुणे कमी करा, वही आणि मोबाइलचा गजर लावून द्या. मेंदू लवकर थकतो, म्हणून दुपारची झोप हवी. संताप चढू लागला की वाद घालू नका, विषय बदला, खोलीबाहेर घेऊन जा. दारू पूर्ण बंद. फिटची गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. मोठ्या शहरांत वाचा-उपचार आणि स्मरणशक्तीवर काम करणारे थेरपिस्ट आहेत, न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी मागा.

आणि हे त्या बायकोसाठी : माणूस वाचला याचा आनंद आणि तो बदलला याचं दुःख, दोन्ही एकदम वाटणं यात अपराध नाही.

मणक्याला मार लागलाय, कमरेखाली हालचाल नाही. आता काय उरलं?

पुष्कळ उरलं आहे, आणि हे मी दिलासा द्यायला म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक लोक लवकरच मरत. मणका मोडल्याने नव्हे, तर पडून राहून पाठीला आणि कमरेला झालेल्या जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे डॉक्टर लुडविग गुटमान यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलणं आणि मूत्राशयाची काटेकोर काळजी सुरू केली आणि चित्र पालटलं. त्यांनीच १९४८ मध्ये चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णांचे खेळ भरवले, त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. त्याच पॅरालिंपिकमध्ये १९७२ साली हायडलबर्गला आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग गेलं होतं. त्याआधी ते मुष्टियोद्धे होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरी करायचं ते गुटमान यांनी सांगितलेलंच. दोन तासांनी कूस. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं किंवा पुढे झुकायचं. रोज रात्री आरसा धरून माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला आणि दाब काढूनही तो गेला नाही तर त्या जागेवर भार बंद, आणि तिथे चोळायचं नाही. कायमच्या नळीऐवजी ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिका. हे बहुतेक लोक स्वतः करू शकतात. मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटेल असं दुखू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर आधी ताठ बसवा आणि नळी तुंबली नाही ना ते पाहा. भरलेलं मूत्राशय रक्तदाब धोकादायक वाढवतं. उतार पडला नाही तर लगेच हॉस्पिटल.

मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून चालू असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. लष्करातल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे.

पाय कापावा लागला. कृत्रिम पाय लगेच बसवता येतो का?

जखम भरून उरलेल्या पायाचा आकार स्थिर व्हायला काही आठवडे जातात. त्या काळात तो भाग घट्ट पट्टीने शंकूसारखा आकार घेईल असा बांधायचा, आणि त्याखाली उशी ठेवायची नाही. जयपूर फूट आपल्या सवयींसाठीच घडवला आहे. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, शेतातल्या चिखलात टिकतो. नसलेल्या पायाची बोटं दुखणं हा भास किंवा वेड नव्हे. ते खरं दुखणं आहे, त्याला औषध आहे आणि आरशासमोर बसून करायचे व्यायामही आहेत.

खायला काय द्यायचं? आंबट दिलं तर पू होतो म्हणतात.

होत नाही. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांतलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतं. आंबट बंद, भात बंद, डाळ बंद करत शेवटी पेशंटला नुसती कण्हेरी देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. जळालेलं घर बांधायचंय आणि विटाच बंद केल्या, असं होतं ते.

प्रथिनं वाढवा. मोठ्या मारानंतर दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७. आमटी घट्ट करा, मटकी-मुगाची उसळ, पिठलं, ताक, पनीर, मासे, चिकन, जे घरात चालतं ते. नाचणीची भाकरी किंवा आंबील कॅल्शियमसाठी चांगली. नुसतं पायाचं सूप पिऊन हाड जुळत नाही, पण आवडत असेल तर जरूर द्या. किडनीचा किंवा साखरेचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून.

तंबाखू, बिडी, मिश्री? थोडीशी?

बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि हाड जुळायचं रखडतं, कधी जुळतच नाही. मिश्री लावणाऱ्या आयाबायांना वाटतं की आपण तंबाखू खात नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

पोटाचं ऑपरेशन करून प्लीहा (स्प्लीन, डाव्या बरगड्यांखालचा अवयव) काढली. पुढे काही जपायचं का?

हो, आणि हे पुष्कळांना कुणी नीट समजावलेलं नसतं. प्लीहा नसल्यावर काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने वाढतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंवरच्या लशींबद्दल सर्जनना विचारा. थंडी-ताप आला तर गोळी घेऊन झोपून राहू नका, त्याच दिवशी दाखवा आणि प्लीहा नाही हे सांगा.

कोणत्या लक्षणांवर १०८ ला फोन करायचा?

अचानक दम लागला, छातीत दुखलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून ठणकू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. डोक्याला मार असलेल्याला वाढती झोप, उलट्या, फिट, किंवा एक बाजू लुळी पडणं. ही डोक्यात रक्तस्राव झाल्याची लक्षणं असू शकतात. असा रक्तस्राव कधीकधी काही आठवड्यांनीही होतो, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. लघवी बंद होणं. जखमेतून दुर्गंधीसह पू आणि हुडहुडी.

रात्री दचकून उठतो. गाडीचा हॉर्न ऐकला की थरथरतो. 'मी ओझं झालोय' म्हणतो.

याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. मोठ्या अपघातानंतर हे नेहमी होतं आणि त्यावर उपचार आहेत. 'देवाने वाचवलं, आता रडतोस काय' या वाक्याने तो बोलायचा थांबतो, रडायचा थांबत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक, तिथे मराठीत बोलता येतं. 'जगून काय करू' असं म्हणत असेल तर ते खरं धरा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

सगळं मीच करते. माझी कंबर गेली. कुणाला सांगू?

आधी उचलायची पद्धत बदला. काखेत हात घालून ओढू नका, त्याने त्याचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधा, तुम्ही गुडघे वाकवा, त्याला पुढे झुकायला सांगा, तीन म्हणताच दोघांनी मिळून उठा. पलंगाची उंची त्याच्या गुडघ्याएवढी करून घ्या. कमोडची खुर्ची आणा. घरात कितीही माणसं असली तरी रात्रीची कूस बदलायला एकच बाई उठते, हे मी घरोघरी पाहिलं आहे. रात्रीच्या पाळ्या लावा, मुलग्यांची आणि दिरांची नावं घालून, आणि कागद भिंतीवर चिकटवा. भेटायला येणाऱ्यांना नारळ-बिस्किटांऐवजी दोन तास मागा.

खर्च कसा भागवायचा? कोणते कागद जपायचे?

एमएलसीचा (हॉस्पिटलात पोलिस केस म्हणून झालेल्या नोंदीचा) क्रमांक, एफआयआर आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, एक्सरे, अगदी रिक्षाच्या पावत्यासुद्धा, एका फायलीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पॉलीट्रॉमाचे उपचार आहेत, आणि आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा. मे २०२५ पासून रस्ते अपघातासाठी केंद्राची रोकडरहित योजना आहे. नेमलेल्या हॉस्पिटलांत पहिले ७ दिवस, दीड लाखांपर्यंत.

नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करतात. कायद्यात ६ महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा पेशंट बरा होईपर्यंत थांबू नका, वकिलांना लगेच भेटा. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तरी गंभीर जखमीला ५० हजार रुपयांची तरतूद आहे. अपंगत्व उरलं तर उपचार संपून स्थिती स्थिर झाल्यावर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. पेशंट सरकारी नोकरीत असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळे त्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. कुणी राजीनामा लिहून मागितला तर सही करू नका.

गाडी कधी चालवू? शेतात कधी जाऊ?

जोरात ब्रेक दाबायला पाय दचकला नाही, मान दोन्हीकडे वळली, झोप आणणारी औषधं बंद झाली आणि सर्जनने हो म्हटलं, मग. फिट आली असेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या परवानगीशिवाय अजिबात नाही, ट्रॅक्टरही नाही आणि विहिरीच्या काठी एकट्याने कामही नाही. शेतात आधी बांधावर फिरायला जा. ढेकळांत तोल सांभाळणं हाच मोठा व्यायाम आहे. मग बसून करायची कामं, मग ओझं.

आतला रॉड काढायलाच हवा का?

नाही. त्रास देत नसेल तर जन्मभर राहू शकतो. कातडीखाली टोचत असेल, संसर्ग असेल, किंवा तरुण पेशंटला काढायचाच असेल, तर हाड पक्कं जुळल्यावर, बहुधा दीड-दोन वर्षांनी काढतात. काढल्यावर स्क्रूच्या भोकांमुळे हाड काही आठवडे कच्चं असतं, त्यामुळे तेवढ्या दिवसांत उड्या, धावणं, जड ओझं नको. सध्याच्या बहुतेक रॉड-प्लेट असताना एमआरआय करता येतो, फक्त तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगा आणि ऑपरेशनच्या वेळचं स्टिकर लावलेला कागद सोबत न्या. तो कागदही त्याच फायलीत असू द्या.